रायफल नको, दुनळीच बरी

मागच्या शुक्रवारी कँटीनमध्ये एक वाद रंगला. विषय काय, तर आयुष्यात एकच शिकारीची रायफल घ्यायची आणि मरेपर्यंत तीच वापरायची असेल तर कुठली घ्यावी? वाद सुरू करणारा आमच्या टीममधलाच. दोन वर्षं टेक्ससला ऑनसाईट राहून आलाय, तिकडं शेजाऱ्याबरोबर हरणं मारायला जायचा (असं तो सांगतो). त्याचं उत्तर तयार होतं: थर्टी-ओ-सिक्स. दुसऱ्याला थ्री-नॉट-एट हवी होती. तिसऱ्यानं आयुष्यात जत्रेतल्या फुग्यांशिवाय काही फोडलेलं नाही, पण टिश्यू पेपरवर तक्ता त्यानंच काढला. वजन, वेग, पल्ला, धक्का, गोळीची किंमत. लॅपटॉप घेण्याआधी आपण कॉन्फिगरेशन चघळत बसतो ना, डिट्टो तसं.

मी गप्प होतो. एरवी मी कुठल्याही वादात पहिल्या तीन मिनिटांत उडी मारणारा माणूस. पण हाच प्रश्न सध्या आमच्या घरात खराखुरा चालू आहे आणि त्यापायी थोरल्या भावानं माझ्याशी पंधरा दिवस बोलणं टाकलं होतं. कँटीनमधला तक्ता बघून डोकं सटकलं ते सटकलंच. तिथं बोललो असतो तर जरा जास्तच बोललो असतो, म्हणून आज सवडीनं लिहितोय.

आधी घरची परिस्थिती. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या अंगाला. अण्णांकडं, म्हणजे वडिलांकडं, १९९६ पासून बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, रात्रीचं नीट दिसत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा त्यानं पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, त्याच्या हयातीतच ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. अण्णांची पंचवीस वर्षं केव्हाच उलटली. वारस दोघं. एक गावी शेती करणारा दादा आणि दुसरा हिंजवडीत कोड लिहिणारा मी. दादाचं म्हणणं पडलं, आता नावावर करायचीच आहे तर ही जुनी दुनळी काढून टाकू आणि थ्री-फिफ्टीनची रायफल घेऊ, वर दुर्बीण बसवू. "एकदाच घ्यायची. पोरांच्या पोरांला पुरंल." मी फोनवर म्हणालो, रायफल येणार असेल तर ना-हरकतीच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. झालं. फोन बंद.

तर माझं म्हणणं असं, आणि ते कँटीनवाल्यांना आणि दादाला दोघांनाही लागू आहे: आपल्या भागात आयुष्यभरासाठी एकच बंदूक ठेवायची असेल तर ती बारा बोअरची दुनळीच असली पाहिजे. रायफल ही दुसऱ्याच कुठल्या तरी जमिनीसाठी बनलेली वस्तू आहे. तिथली जमीन वेगळी, कायदा वेगळा, रात्रही वेगळी.

शिकार हा शब्द तर आधी बाजूलाच ठेवू या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याचा उरलासुरला खेळही संपला. त्यामुळं 'हंटिंग रायफल' निवडायची चर्चा भारतात करणं म्हणजे समुद्र नसलेल्या गावात जहाज निवडणं. परभणीत तर जंगलही नावालाच. आहे ते शेत आणि शेतात येणारं जनावर. रानडुक्कर, रोही (पुस्तकात नीलगाय म्हणतात ती) आणि हरीण. यातलं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडं बंदूक वळवायचीही नाही. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी कायद्याच्या अकराव्या कलमात एक खिडकी आहे. जनावर पिकाला किंवा माणसाला धोकादायक झालं तर अधिकृत अधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली याच खिडकीतून, वनखात्याच्या परवानगीनं, पिकात येणारी डुकरं आणि रोही मारण्याची मुभा दिली. केरळनं २०२२ साली रानडुकरांपुरता हा अधिकार थेट स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. म्हणजे बंदुकीचं कायदेशीर काम एवढंच. एका शेतात, एका अर्जावर, एका जनावरापुरतं. बाकी सगळा वेळ तिचं काम आवाज करणं.

आणि गंमत बघा, कुठली बंदूक हा प्रश्न सरकारनं १९५९ सालीच सोडवून ठेवलाय. शस्त्र कायद्याचं तेरावं कलम वाचा. (हो, मी वाचलंय. दादाशी भांडायचं तर तयारी लागते.) त्यात म्हटलंय की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची, किमान वीस इंच नळी असलेली बंदूक द्यावी. रायफलीचं त्या वाक्यात नावही नाही. हा कायदा लिहिणाऱ्यांना शेत आणि रान यातला फरक कळत होता असं मला तरी वाटतं. आपल्यालाच तो विसरायला झालाय.

आता जरा इंजिनियरिंग. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतो, त्यानं गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ राहते. थर्टी-ओ-सिक्स ही १९०६ साली अमेरिकन सैन्यासाठी बनलेली गोळी. माणसाला लांबून मारण्यासाठी ती बनवली, हरणं नंतर आली. दादाची थ्री-फिफ्टीन तर आणखी मजेशीर. थ्री-नॉट-थ्री ही लष्कराची गोळी नागरिकांच्या हाती नको म्हणून इंग्रजांच्या काळात तिला मनाई झाली, आणि त्या जागी ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर रायफलीच्या आठ मिलिमीटर गोळीवर बेतलेली ही थ्री-फिफ्टीन आली. आपल्याकडं ती इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनत आली. म्हणजे हीसुद्धा मुळात सैन्याचीच. अशा गोळीला वाटेत काही आडवं आलं नाही तर ती तीन-चार किलोमीटर सहज जाते.

बारा बोअरचं उलट. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं या नळीचं तोंड, म्हणून बारा बोअर. साधारण साडेअठरा मिलिमीटर. आतून गुळगुळीत, पीळ नाही. त्यात छऱ्यांचं काडतूस जातं. छरा किती लांब जाऊ शकतो याचा एक जुना ठोकताळा आहे. छऱ्याचा व्यास इंचात घ्या, २२०० नं गुणा, उत्तर यार्डात. सहा नंबरचा बारीक छरा साधारण ०.१ इंचाचा, म्हणजे २२० यार्ड, दोनशे मीटर. सगळ्यात जाड एलजीचा छरा ०.३६ इंचाचा, म्हणजे सातशे मीटरच्या आसपास, आणि तेही नळी वर करून झाडली तर. जनावर पडेल असा पल्ला मात्र तीस-पस्तीस मीटरचाच. कँटीनमधल्या तक्त्यात हा आकडा सगळ्यात वाईट म्हणून लाल शाईत गेला असता. माझ्या तक्त्यात तो सगळ्यात चांगला. बंदूक किती लांब मारते एवढंच विचारून कसं चालेल? चुकल्यावर ती कुठं जाऊन थांबते, हे कोण विचारणार? आपण सॉफ्टवेअरवाले दिवसभर हेच तर विचारत असतो, की फेल झालं तर किती लांबपर्यंत फुटेल.

टेक्ससमध्ये कुंपणापलीकडं मैलोन्‌मैल माणूस नसेल. कोलोरॅडोत गोळी चुकली तर मागं डोंगर असेल. परभणी जिल्हा म्हणजे गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, पाथरी-मानवतकडं तर जेवणाच्या ताटासारखी सपाट. आमच्या जिंतूरला नेमगिरीच्या बाजूला डोंगर आहेत म्हणा, पण ते आमच्या बांधाच्या मागं येऊन उभे राहत नाहीत. चार किलोमीटरच्या वर्तुळात चार गावं, आठ-दहा आखाडे (आमच्याकडं शेतातल्या घर-गोठ्याला आखाडा म्हणतात), एक आश्रमशाळा आणि कॅनॉलच्या कडेनं पालं टाकून राहिलेली माणसं.

आणि मुख्य म्हणजे रात्र. हे शहरातल्या कुणालाच माहीत नसतं म्हणून सांगतो. परभणीतलं शेत रात्री रिकामं नसतं. शेतीपंपांना वीज पाळीनं मिळते, आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. दिवसाच्या विजेसाठी आता सौर फीडर आलेत, पण ते सगळीकडं पोचलेले नाहीत. रात्रीची पाळी असली की अर्धा गाव मध्यरात्री रानात असतो. चिखलात वाकून, दारं धरत, एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत फिरवत. डुकरं येतात तीही त्याच वेळी, कारण ओल्या जमिनीत त्यांना उकरायला सोपं जातं. म्हणजे जनावर आणि माणूस, एकाच पिकात, एकाच वेळी, एकाच उंचीवर. वाकलेला माणूस तुरीच्या रानात डुकराएवढाच दिसतो.

मला हे कुणी सांगितलेलं नाही. मी आठवीत होतो, दिवाळीची सुट्टी होती, अण्णांबरोबर जागलीला गेलो होतो. बांधावर चार बल्ल्यांचं मचाण. दोनच्या सुमारास तुरीत खसखस झाली. पन्नासेक पावलांवर. शेंडे हलले, थांबले, परत हलले. माझं काळीज तोंडात आलेलं. मी कुजबुजलो, "अण्णा, मारा ना!" अण्णांनी बंदूक मांडीवरून उचललीही नाही. नुसते बसून राहिले. माझ्या हिशेबानं तासभर, खरं तर पाच मिनिटं असतील. मग त्यांनी खाकरून हाळी दिली. तुरीतून आवाज आला, "म्या हाव, अण्णा." शेजारच्यांचा सालगडी. बॅटरीचे सेल संपले म्हणून अंधारातच हातानं चाचपत दारं धरत होता.

घरी येताना मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं माणूस आहे ते? अण्णा म्हणाले, "कळलं नव्हतं. म्हणून तर नाही मारलं."

या एका उत्तरावर मी दादाशी पंधरा दिवस अबोला धरला, आणि अजून महिनाभर धरीन. दादाला हा किस्सा माहीत आहे. तो म्हणतो, थांबले ते अण्णा, बंदूक नव्हे. रायफल असती तरी थांबलेच असते. बरोबर आहे. पण अण्णांना तीस मीटरच्या आत आलेलंच जनावर मारायची सवय होती, कारण हातातली वस्तू त्यापुढं कामाचीच नव्हती. पन्नास पावलांवर बार टाकायचा मोहच होत नव्हता. हातात दुर्बीण लावलेली, तीनशे मीटरवर नेम धरणारी वस्तू दिली की डोकंही तीनशे मीटरवर जातं. आणि तीनशे मीटरवरच्या अंधारात काय आहे हे कुणालाच कळत नसतं.

बरं, मुळात बार टाकायचा म्हणजे नव्वद टक्के वेळा हवेतच. इथं तर रायफलीचा खटला निकालातच निघतो. बारीक छरे आभाळात गेले तर दीड-दोनशे मीटरवर गारांसारखे टपटपतात, खाली कुणी असलंच तर डोकं झटकेल. रायफलीची गोळी तिरपी वर गेली की ती खाली येणार दुसऱ्या गावात, आणि पडली तर कुणाच्या पत्र्यावर, कुणाच्या गोठ्यात, हे झाडणाऱ्याला कधी कळणारही नाही. डुकरं हाकलायला थ्री-फिफ्टीन म्हणजे पाखरं हाकलायला गोफणीत नांगराचा फाळ घालण्यासारखं आहे.

एका मुद्द्यावर रायफलवाले बरोबर आहेत आणि ते कबूल केलं पाहिजे. वनखात्याची परवानगी हातात आहे, दिवसाउजेडी जनावर साठ-सत्तर मीटरवर उभं आहे, मागं डोंगराची भिंत आहे, तर छऱ्यांपेक्षा रायफलच बरी. छऱ्यांनी त्या अंतरावर डुक्कर मरत नाही, जखमी होतं. आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर जातं. हे नुसतं क्रौर्य नाही, धोका आहे. पण याचं उत्तर रायफल घेणं नव्हे. साठ मीटरवरून झाडायचंच नाही, हे आहे. मचाणाखाली डुक्कर वीस मीटरवर येतं. नाही आलं तर डबा वाजवा आणि झोपा.

'ऑल-राउंड' म्हणायचं तर तीही दुनळीच. रायफलीला गोळी एकच जातीची. बारा बोअरमध्ये सहा नंबरपासून एलजीपर्यंत आणि त्याहून पुढं एकसंध गोळीपर्यंत सगळं जातं. बंदूक एकच, काम बदललं की काडतूस बदलायचं. दोन नळ्या म्हणजे दोन चाप, दोन घोडे, दोन स्वतंत्र यंत्रणा. एक अडकली तर दुसरी चालते. (आम्ही याला रिडंडन्सी म्हणून क्लायंटला वेगळे पैसे लावतो.) आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ती मोडून हातावर टाकली की रिकामी आहे का भरलेली हे समोरच्या शेंबड्या पोरालाही दिसतं. रायफल भरलेली आहे का, हे तिच्या मालकालाच ठाऊक, आणि पुष्कळदा त्यालाही नसतं. काडतुसं कुठली, तर खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, 'शक्तिमान'. कारखाना १८६९ चा. मी पुण्यात राहतो, माझ्या गावच्या बंदुकीचा खुराक इथंच बनतो, आणि कँटीनमधल्या एकालाही खडकीत बारा बोअरची काडतुसं बनतात हे माहीत नव्हतं. थर्टी-ओ-सिक्सचा थोबाड वेग मात्र सगळ्यांना तोंडपाठ!

जिम कॉर्बेटचं उदाहरण निघालंच होतं वादात, निघणारच. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल त्याला रिग्बीची पॉइंट टू-सेव्हन-फाइव्ह रायफल भेट मिळाली आणि ती त्याच्याबरोबर जन्मभर राहिली म्हणे. राहिली, पण त्यानं एकटीवर कधीच भागवलं नाही, दुसरी जड दुनळी रायफलही तो बाळगून होता. आणि तो कुमाऊँच्या डोंगरात होता. पलीकडं दरी, मागं कडा. त्याला मानवत तालुक्यातल्या हरभऱ्यात रात्री दोन वाजता उभं करा आणि मग विचारा.

आता दादाला खरोखर काय हवंय ते बोलतो, म्हणजे तो अजून महिनाभर बोलणार नाही. त्याला डुकरांसाठी रायफल नकोय. गेल्या काही वर्षांत आमच्याकडं कंबरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांची एक जमातच तयार झालीय. प्लॉटिंगवाले, वाळूवाले, पुढाऱ्याच्या मागच्या गाडीतले. त्यांच्यापुढं खांद्यावर अण्णांची दुनळी टाकून गेलं की माणूस रामोशी वाटतो. दुर्बीण लावलेली रायफल म्हणजे फोटो. म्हणजे वरात. २०१९ च्या दुरुस्तीनं लग्नासमारंभात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवलाय, आणि माणशी शस्त्रांची मर्यादा तीनावरून दोनावर आणलीय. कायदा करणाऱ्यांना रोग कळलेला दिसतोय. पण त्याची झळ बसते ती वेगळ्यालाच. २०२४ मध्ये लोकसभेला मार्चपासून आणि विधानसभेला ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दोन्ही वेळा अण्णांची बंदूक आचारसंहितेमुळं ठाण्यात जमा. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं. त्या महिन्यात तूर शेंगेला आलेली, ज्वारी कोवळी, हरभरा नुकता उगवलेला. वर्षातले बंदुकीचे खरे दिवस तेवढेच, आणि तेवढेच दिवस ती कुलपात. मोतीबिंदू झालेला साठीपुढचा शेतकरी त्या दुनळीनं कुठलं मतदान केंद्र ताब्यात घेणार होता हे मला कुणीतरी समजावून सांगावं. कंबरेची पिस्तुलं सगळी जमा झाली होती का, हा प्रश्न मी विचारत नाही.

आणि ज्यांना वाटतं बंदूकच कशाला, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. प्राण्यांवर प्रेम असलेली ही मंडळी मला आवडतात, मी स्वतः शाकाहारी आहे. पण डुकरांच्या कळपानं एका रात्रीत अर्धा एकर भुईमूग उकरला की सकाळी त्या रानाकडं बघून कसं वाटतं ते एकदा येऊन बघा. नुकसानभरपाई मिळते. अर्ज, पंचनामा, फोटो, हेलपाटे, आणि मग मिळते. तोवर माणूस काय करतो? तार लावतो. बांधावर उघडी तार आणि तिला थेट लाईनीवरचा आकडा. त्या तारेला डुक्कर चिकटतं, हरीण चिकटतं, दारं धरायला आलेला माणूसही चिकटतो. असा मेलेला शेजारी शेजाऱ्यानंच पहाटे ओढून बाजूला टाकल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणारे आहेत, त्यानं डुकराऐवजी गाईचा जबडा फाटतो. मचाणावर जागा बसलेला, दोन काडतुसं खिशात असलेला आणि खाकरून हाळी देणारा माणूस या सगळ्यापेक्षा हजारपट सभ्य आहे. बंदूक निदान माणसाला जागं ठेवते. तार तर तो घरी झोपलेला असतानाही मारत राहते.

सौर झटका मशीनचं कुंपण हे याहून चांगलं उत्तर आहे, हेही खरं. झटका बसतो, जीव जात नाही. आम्ही गेल्या वर्षी तीन एकराला लावलं, आणि रायफलीच्या पैशात उरलेल्या रानालाही लागेल. दादाला मी हा हिशेब पाठवला होता. त्यानं वाचला (निळ्या खुणा आल्या), उत्तर नाही.

तर असा मी अगदी बरोबर होतो. मग काल संध्याकाळी अण्णांचा फोन आला. ते वादात पडले नाहीत, त्यांनी एवढंच विचारलं, की रायफल नको म्हणतोस ते ठीक, पण दुनळी तुझ्या नावावर केली तर जागलीला कोण जाणार? परवाना ज्याचा, बंदूक त्याच्याच हातात पाहिजे. दादा माझी बंदूक घेऊन शेतात बसला तर तो गुन्हा. मी हिंजवडीत, बंदूक जिंतूरला पेटीत. माझ्याकडं यावर उत्तर नव्हतं. एवढा तावातावानं भांडलो, आणि वर्षातल्या तीनशे पासष्ट रात्रींपैकी मी त्या रानात किती असतो, तर दिवाळीच्या दोन.

म्हणून आज सकाळी मीच दादाला फोन लावला. म्हणालो, बंदूक तुझ्या नावावर करू, मी ना-हरकत देतो. अट एकच, हीच बंदूक. दुनळी. विकायची नाही, रायफल घ्यायची नाही. तिचे पैसे कुंपणात घालू, निम्मे माझे. पलीकडून बराच वेळ काही नाही. मला वाटलं कट केला. मग म्हणाला, "बघू." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या आठवड्यापासून रात्रीची लाईट हाय. तू कामून येत नाहीस चार दिवस? निस्तं पुण्यातून सांगायलास."

रजेचा बॅलन्स बघितला. अडीच दिवस आहे. शुक्रवार आणि सोमवार टाकलाय.